असोद्याच्या मातीनं खाल्लेला कागद

जळगाव

देवरूखच्या शाळेत मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. पॉलिमरचा धडा दरवर्षी यायचा. फळ्यावर मण्यांची माळ काढायची, एका मण्याला दुसरा जोडायचा आणि शेवटी वहीत एक वाक्य लिहून द्यायचं : ‘प्लास्टिकचे मातीत विघटन होत नाही.’ परीक्षेत त्याला एक गुण असायचा. इतक्या वर्षांत प्लास्टिक तयार होताना मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. कोकणात ते दिसतं ते पूर ओसरल्यावर, नदीकाठच्या झुडपांना अडकलेलं.

माझी जुनी विद्यार्थिनी रोहिणी पॉलिमर शिकून नोकरीसाठी जळगावला गेली आणि तिथलीच झाली. तण रोखायला आणि ओल धरायला शेतात अंथरायचा प्लास्टिकचा कागद बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात ती तपासणी विभाग सांभाळते. डिसेंबरात तिचा फोन आला. “बाई, तुम्ही आम्हाला लिहून दिलेलं एक वाक्य चुकीचं आहे. जानेवारीत या, दाखवते.”

निवृत्त शिक्षकाला बोलावण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. मी तिकीट काढलं.

स्टेशनवर रोहिणी घ्यायला आली होती. देवरूखची ही मुलगी आता रिक्षावाल्याशी “कुठी जाऊ राह्यला भाऊ?” असं बोलत होती. सकाळी तिच्याकडे शेवभाजी झाली. आमच्याकडच्या ओल्या नारळाच्या आमटीवर वाढलेल्या जिभेनं तो काळा रस्सा चाखला आणि डोळ्यांतून धारा लागल्या. तरी दुसऱ्यांदा वाढून घेतला.

कारखाना औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गल्लीत आहे. वाटेत चटयांचे कारखाने लागतात. आपण लग्नकार्यात अंथरतो त्या रंगीत प्लास्टिकच्या चटया इथल्या मागांवर विणल्या जातात आणि पार आफ्रिकेपर्यंत जातात, असं रोहिणीनं सांगितलं. एका उघड्या दारातून मी माग पाहिले. सूत म्हणून प्लास्टिकची नळी, आणि आवाज इतका की बाजूचं माणूस नुसते ओठ हलवताना दिसतं.

पण मी थबकले ती रोहिणीच्या कारखान्यात. आत तीन मजले उंच, मधे कुठेही तक्तपोशी नसलेली एक खोली. खाली यंत्राच्या तोंडात पोत्यातून दाणा ओतला जात होता. साबुदाण्याएवढा, चमकदार. या धंद्यातले सगळे त्याला दाणाच म्हणतात. तो आत वितळतो, मग गोल फटीतून बाहेर येतो आणि त्याच्या पोटात हवा भरली जाते. त्यातून एक फुगा उभा राहतो. माणसाच्या कवेत मावणार नाही एवढा रुंद आणि छतापर्यंत उंच, पारदर्शक, किंचित थरथरणारा फुगा. तो फुटत नाही, थांबत नाही, सतत वर चढत राहतो. वर गेला की दोन रुळांमध्ये चपटा होतो आणि दुसऱ्या बाजूनं कागद होऊन खाली उतरतो. त्याच्या भिंतीची जाडी केसापेक्षा कमी. मी मान वर करून पाहत राहिले. माळेतले मणी एकमेकांचा हात सोडत नाहीत म्हणजे काय, हे मी फळ्यावर शेकडो वेळा सांगितलं होतं, आणि ते मला इथे, वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं.

“बाई, जास्त जवळ जाऊ नका,” रोहिणी म्हणेपर्यंत उशीर झाला होता. खाली गुंडाळला जाणारा कागद विजेनं भारलेला असतो. माझे पांढरे केस ताडकन उभे राहिले, साडीचा पदर त्या गुंडाळीला जाऊन चिकटला, आणि यंत्रावरचे दोन्ही कामगार तोंड फिरवून हसले. मीही हसले. स्थिर विद्युत हा धडासुद्धा मीच शिकवायचे.

तपासणीच्या खोलीत काचेच्या बरण्यांची रांग होती. प्रत्येकीत माती, मातीत कागदाचे तुकडे, आणि झाकणातून निघालेली एक नळी. “माती श्वास सोडते,” रोहिणी म्हणाली. “तिच्यातले जिवाणू कागद खातात आणि कर्बवायू सोडतात. तो आम्ही मोजतो. कागदातला किती कार्बन खाल्ला गेला ते त्यावरून कळतं.”

“हा कागद मक्याचा का? स्टार्चचा?”

“थोडा. बाकी पेट्रोलियमचाच आहे बाई. तुमच्या-आमच्या पिशवीसारखा खनिज तेलातूनच आलेला.”

माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता : झाडापासून आलेलं कुजतं, तेलापासून आलेलं कुजत नाही. रोहिणीनं कागदावर माळ काढून दाखवली, अगदी माझ्याच पद्धतीनं. नेहमीच्या पॉलिथिनच्या माळेत सगळे दुवे सारखे पक्के, जिवाणूला दात लावायला जागा नाही. या नव्या माळेत मधे मधे मुद्दाम असे दुवे घातलेत की पाण्यानं ते सैल होतात आणि जिवाणूला तोडता येतात. माळ कशापासून केली याला महत्त्व नाही, ती कशी ओवली याला आहे. समुद्राच्या तळाखाली कोट्यवधी वर्षं पडलेलं तेल इथे येऊन जळगावच्या मातीतल्या जिवाणूंचं अन्न होत होतं. त्या बरण्यांसमोर मला देवळात उभं राहिल्यासारखं वाटलं.

रोहिणीचा चेहरा मात्र ओढलेला होता. खरी गोष्ट तिनं तेव्हा सांगितली. कागद बाजारात आणायची कारखान्याच्या मालकांना, शेठना, घाई होती. गुंडाळीवरच्या लेबलाचा नमुनाही तयार होता : ‘कोणत्याही मातीत विरघळतो.’ त्याखाली तपासणी प्रमुख म्हणून तिची सही हवी होती. बरण्यांतले आकडे चांगले होते, पण बरणी म्हणजे शेत नव्हे. सात महिन्यांपूर्वी तिनं दोन शेतांत हा कागद अंथरला होता. एक शेत असोद्याला, दुसरं धुळे जिल्ह्यात. त्या आठवड्यात दोन्हीकडची माती उकरायची होती.

असोदा

असोदा जळगावला लागूनच आहे. गावाबाहेर पडलं की केळीच केळी. पानांची छपरं एकमेकांत गेलेली, आणि खाली दुपारीही हिरवा काळोख. नाना पाटलांचं शेत रस्त्यालगत, घरही त्यातच. सत्तरीचे, ताठ, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांनी आम्हाला ‘या’ म्हटलं, पण आवाजात गोडवा नव्हता.

त्याचं कारण त्यांच्या पत्नीनं, अक्कांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी बाहेरगावच्या कुठल्याशा कंपनीचे लोक असाच ‘विरघळणारा’ कागद देऊन गेले होते. तो विरघळला नाही, त्याचा चुरा झाला. चिंध्या वावरभर उडाल्या. बांधावरच्या गवतातून म्हशीच्या पोटात गेल्या आणि म्हैस दगावली. अक्का आणि नाना हंगामभर वाकून चिंध्या वेचत होते.

“अजून निंघतात,” अक्का म्हणाल्या. “खुरपं मारलं का निंघतात.”

रोहिणीला कागद अंथरायला केळीच्या तीन ओळी देताना नानांनी एकच अट घातली होती. आमच्यासमोर त्यांनी ती पुन्हा सांगितली. “पोरी, हे बी खोटं निंघालं तं परत या बांधावर पाय ठेवू नको.”

नानांनी स्वतः कुदळ घेतली. ठिबकच्या नळीशेजारी गादीवाफ्याच्या कडेला, जिथे कागदाची किनार मातीत दाबलेली होती, तिथे उकरलं. माती काळी, ओली, मऊ. वरचा उघडा कागद अजून होता, फाटका, विटका. पण दाबलेली किनार नव्हती. मातीत ती जिथे शिरत होती तिथेच संपत होती. रोहिणी गुडघ्यांवर बसून बोटांनी माती चाळत होती आणि मी तिच्या मागून वाकून पाहत होते.

“नाही!” मी ओरडले. “खरंच नाही!”

नाना हलले नाहीत. “बाई, भुगा झाला म्हंजे गेला असं कोन म्हनलं? मागल्या बारीले बी भुगाच झाला होता.”

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. दिसत नाही आणि नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी शिक्षक. मला प्रयोग सुचला. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं असतं. अक्कांकडून दोन पातेली मागून घेतली. एकात वावराच्या कोपऱ्यातली माती घातली, जिथे तो जुना कागद होता. दुसऱ्यात या तीन ओळींतली. दोन्हींत पाणी ओतून ढवळलं आणि थांबलो. पहिल्या पातेल्यात थोड्या वेळानं काळे-चंदेरी कण वर आले, रश्श्यावरच्या तवंगासारखे. अक्कांनी तोंडाला पदर लावला. दुसऱ्यात फक्त मुळांचे बारीक धागे तरंगत होते.

मी विजयी मुद्रेनं नानांकडे पाहिलं. तेवढ्यात रोहिणी म्हणाली, “बाई, हा नवा कागद पाण्यापेक्षा जड आहे. त्याचे तुकडे असतील तरी बुडतील. या पातेल्यावरून काहीच सिद्ध होत नाही.”

ती गप्प राहिली असती तर कुणालाही कळलं नसतं. नानांनी कुदळ खाली ठेवली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

“मंग?” ते म्हणाले.

मग त्या कागदापेक्षाही जड असं पाणी हवं होतं. मिठाचं पाणी पुरलं नसतं. साखरेचा दाट पाक पुरणार होता. मी अक्कांना साखर मागितली.

“मातीले पाक?” अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. पण डबा काढला. चुलीवर मी पाक केला, निववला आणि मातीत ओतला. अक्कांच्या दोन जावा, शेजारचं कुणी कुणी, सगळे ओसरीत गोळा झाले. आधी रोहिणीनं न वापरलेल्या कागदाचा एक तुकडा चमच्यानं तळाशी दाबून सोडला. पाकातून तो सावकाश, जड पावलांनी वर आला. म्हणजे असेल तर वर येणार, हे सगळ्यांनी पाहिलं. मग वाट पाहायची होती.

तोवर जेवण झालं. चुलीत भाजलेल्या लांब हिरव्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी. ज्वारी आणि सालीसकट उडीद एकत्र दळून केलेली ती सावळी भाकरी कडेनं कुरकुरीत होती. आमच्याकडे वांग्याच्या भरितात दही पडतं, इथे लाकडी बडगीत कुटलेली हिरवी मिरची. तेलात परतलेले शेंगदाणे दाताखाली येत होते. पण कुणाचंच लक्ष ताटात नव्हतं. नाना दर दोन घासांनी पातेल्याकडे पाहत होते.

पाक स्थिर झाल्यावर रोहिणीनं चिमट्यानं वर आलेला एकेक कण पांढऱ्या बशीत ठेवला. मूळ, मूळ, पाचोळा, मूळ. आणि मग कांद्याच्या ओल्या पापुद्र्यासारखे दोन कण, तांदळाच्या कणीएवढे. तिनं ते बाजूला काढले आणि स्वतःच बशी नानांपुढे धरली.

“नाना, हे दोन कागदाचे आहेत. पूर्ण गेलेला नाही.”

नानांनी एक कण बोटांत धरला. चिमटीतच त्याचं पाणी झाल्यासारखं झालं. त्यांनी बोटं एकमेकांवर घासून पाहिली.

“जाऊ राह्यला,” ते हळूच म्हणाले. “गेला नाई, पन जाऊ राह्यला.” मग अक्कांकडे वळून, “बाईले अजून भाकर वाढ.”

धुळे

दुसऱ्या दिवशी पारोळ्यावरून धुळ्याकडे निघालो. गिरणेचा पूल मागे पडला तशी केळी संपली. कापूस वेचून झालेली वावरं, कपाशीच्या वाळक्या झाडांच्या पळाट्या, मोकळं आभाळ. कोकणात नजर दर दहा पावलांवर कशाला तरी अडते. इथे ती सुटते ती परत यायलाच तयार होत नाही.

महामार्गावर सुरतेकडून येणाऱ्या मालमोटारींची ओळ लागली होती. ताडपत्रीखाली पांढरी पोती. “दाणा,” रोहिणी म्हणाली. गुजरातच्या समुद्रकाठी तेल शुद्ध होतं, त्यातून वायू निघतो, वायूचा दाणा होतो आणि या रस्त्यानं तो खानदेशात उतरतो. आखातात कुठे काही खुट्ट झालं की त्याचा भाव इथे हलतो, आणि मग प्रत्येक कारखाना कागद आणखी पातळ करायच्या मागे लागतो. एवढ्या लांबच्या समुद्राशी या कोरड्या माळाचं नातं असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

शेत शिंदखेड्याच्या बाजूला होतं. मुरमाड, हलकी जमीन. पाऊस यंदा नावालाच झाला होता आणि विहिरीनं दिवाळीतच तळ गाठला होता. शेतकरी कामासाठी सुरतेला गेला होता, पण रोहिणीला उकरायची मुभा होती. तिनं उकरलं. किनार जशीच्या तशी होती. सात महिन्यांनी काढलेला तो कागद झटकला तर फडफडला. तिनं दुसरीकडे उकरलं, तिसरीकडे उकरलं. ओल नाही तर जिवाणू नाहीत, आणि जिवाणू नाहीत तर खाणार कोण? तिथे, त्या उन्हात, ती मातीवरच बसली. हातात कागदाची लांब पट्टी होती.

“सहीसाठी शेठ उद्या थांबलेत,” ती म्हणाली. “असोद्याचा निकाल दाखवला की पुरेल. हा कुणी विचारणारसुद्धा नाही.”

मी तिला काय करायचं ते सांगितलं नाही. विचारलंही नाही तिनं.

परतीच्या वाटेवर धुळ्याच्या बाहेर हिलाल आबांकडे थांबलो. जुन्या ठिबकच्या नळ्या, फाटके कागद, फुटके पाइप गोळा करून, धुऊन त्यांचा पुन्हा दाणा करायचा, हा त्यांचा उद्योग. अंगणात नळ्यांचे डोंगर होते, मातकट, काळे, दोन माणसं उंच. एका टोकाला ते डोंगर यंत्रात जात होते आणि दुसऱ्या टोकाला ओल्या शेवयांसारखे काळे धागे बाहेर पडून, कापले जाऊन, पुन्हा दाणा होत होता. कारखान्यात पाहिलेला दाणा पांढरा होता, हा काजळासारखा. पण दाणाच. एकदा जन्मून, शेतात राबून, म्हातारा होऊन परत आलेला. मी मूठभर हातात घेतला. तो कोमट होता.

“या बाई, बठा,” आबा म्हणाले. वय झालेला, बारीक, दोरीसारखा माणूस. “हाई बठ्ठं काही धुळानं नई शे. साक्रीतून येस, पिंपळनेरतून येस.” म्हणजे सगळा माल धुळ्याचाच नव्हता, साक्री-पिंपळनेरपासून यायचा.

रोहिणीनं त्यांना पट्टी दाखवली. सगळं सांगितलं. आबांनी ती ताणली, उजेडात धरली आणि बाजूच्या ढिगातला नेहमीचा पातळ कागद उचलला. बोट लावताच त्याच्या चिंध्या झाल्या.

“पाहा. हाऊ मना कामना नई. माती जास्त, कागद कमी. कोन्ही लेत नई, मंग शेतकरी बांधवर जाळी टाकस.” म्हणजे पातळ कागद त्यांच्या कामाचा नव्हता, तो कुणीच घेत नसल्यानं शेतकरी बांधावर जाळून टाकायचे. मग मागून एक जाडसर जुना तुकडा काढून त्यांनी दोन्ही हातांनी खेचला. तो फाटला नाही. “जाड करा. जाड ऱ्हायना तर शेतकरी गुंडाळी लई, मनाकडे ली येई, मी दाणा करसू. जे गळत नई, ते आख्खं परत येवाले पाहिजे.”

सगळी दुनिया कागद पातळ करायच्या मागे असताना हा माणूस म्हणत होता, जाड करा. जिथे माती खाईल तिथे खाऊ द्या, जिथे खाणार नाही तिथून तो अखंड उचलता आला पाहिजे. रोहिणी उभीच राहिली. त्यांच्या घरातून खापरावरची पुरणाची पोळी आली. उलट्या मातीच्या खापरावर हातांनी पसरलेली, ताटाबाहेर लोंबणारी. गाडीत बसल्यावर रोहिणीनं वही काढली आणि जळगाव येईपर्यंत लिहीत होती.

पुन्हा जळगाव

शेठ पन्नाशीचे, सौम्य बोलणारे. टेबलावर लेबलाचा नमुना होता. रोहिणीनं त्याच्यावर दोन गोष्टी ठेवल्या : असोद्याच्या मातीची पुडी आणि शिंदखेड्याची पट्टी.

“सही नाही करता येणार,” ती म्हणाली. “असोद्याला बहुतेक गेलाय. कोरडवाहूत नाही गेला.”

शेठनी पट्टी उचलली. “पुढच्या वर्षी चांगला पाऊस पडला की जाईल.”

“जाईल की नाही मला माहीत नाही. माहीत नसलेल्यावर सही कशी करू?”

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मग पट्टी पुन्हा टेबलावर ठेवली.

“मग धुळ्याकडच्या माणसाला मी काय सांगू?” त्यांनी विचारलं. “तुमच्यासाठी आमच्याकडे काही नाही म्हणून?”

रोहिणीनं वही उघडली. जाड कागद, एका हंगामानंतर न फाटता गुंडाळता येईल असा. हिलाल आबा तो परत घ्यायला तयार. त्याच दाण्याचा काही भाग पुन्हा पाइपात. शेठ एकेक प्रश्न विचारत गेले, ती उत्तरं देत गेली. काही उत्तरं तिच्याकडे नव्हती, तेही तिनं सांगितलं. चहा आला, थंड झाला. शेवटी शेठनी पेन उचललं, ‘कोणत्याही मातीत’ यावर आडवी रेघ मारली आणि नमुना तिच्याकडे सरकवला.

“लिही. तुला जे माहीत आहे तेवढंच लिही.”

तिनं दोन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली.

माझी गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची होती. सकाळी शेठ स्वतः म्हणाले, चला, असोद्याला जाऊ. नव्या लेबलाची एक गुंडाळी गाडीत टाकली. नाना नवीन लागवडीचे गादीवाफे करून घेत होते. गुंडाळी पाहून ते जवळ आले, चष्मा लावला आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचलं : “ओल टिकणाऱ्या बागायती जमिनीतच हा कागद विरतो. कोरडवाहू जमिनीत वापरू नये.”

त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं, या वेळी मनात.

“काय होत नाई ते लिव्हेल पह्यलांदा पाह्यलं मी,” अक्का म्हणाल्या.

नानांनी चष्मा काढून खिशात ठेवला. शेठ हात पुढे करेपर्यंत त्यांनी गुंडाळी स्वतःच खांद्यावर घेतली आणि गादीवाफ्यांच्या टोकाशी जाऊन उभे राहिले.

“पोरी,” त्यांनी हाक मारली, “ते टोक धर. या बारीले पाच ओळी टाकू.”

रोहिणीनं पायातल्या चपला काढल्या आणि कागदाचं टोक धरून ओल्या मातीतून चालत निघाली.